पन्नास रुपयांची महत्त्वाकांक्षा

वडोदऱ्याच्या फतेगंज भागात आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे मुख्य कार्यालय आहे. एके काळी इंग्रजांच्या छावणीचा शेजार असलेला हा परिसर आता विद्यार्थ्यांनी गजबजलेला असतो. विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. परंतु त्याची मुळे १८८१ मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजात, आणि त्याहूनही खोल एका राजाच्या स्वभावात गेलेली आहेत. नाशिकजवळच्या कवळाणे गावातील शेतकरी घरातला, बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळखही नसलेला मुलगा दत्तकविधानाने बडोद्याच्या गादीवर आला आणि पुढे विद्येवर खर्च करणे हे त्याने राज्यकारभाराचेच एक अंग मानले. या राजाश्रयाची गोष्ट निघाली की अरविंद घोष, रियासतकार सरदेसाई, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ही नावे ओघाने येतात. गोमंतकातील एका माणसाचे नाव मात्र तितक्या सहजपणे येत नाही. सांकवाळच्या धर्मानंद कोसंबी यांना बडोदे संस्थानाने दरमहा पन्नास रुपये देऊ केले होते आणि त्या पन्नास रुपयांसाठी त्यांनी त्याहून कितीतरी अधिक पगाराची, मानाची जागा सोडली होती.

गोव्यात आज कोसंबी म्हटले की गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी आठवतात. त्यांच्या नावाने पणजीत विचारमहोत्सव भरतो, व्याख्यानांना गर्दी होते. मुलाच्या कीर्तीच्या सावलीत वडील थोडे मागे पडले आहेत. वडिलांना स्वतःला त्याचे काही वाटले असते, असे त्यांच्या चरित्रावरून दिसत नाही. पण आपल्याला वाटायला हवे. कारण आनंद कशात मानावा, कशाची इच्छा धरावी आणि कशाचे भय बाळगू नये, हे प्रश्न ज्यांनी केवळ ग्रंथांतून सोडवले नाहीत, तर स्वतःच्या आयुष्याची किंमत मोजून सोडवून पाहिले, अशा मोजक्या गोमंतकीयांपैकी ते एक होते. आणि ही किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही, हेही त्याच चरित्रात आहे.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांकवाळ येथे झाला. गाव तेव्हा साष्टीत मोडत असे. घर सारस्वत, उत्पन्न माडांचे. पोर्तुगीज अमलातील त्या काळच्या गोव्यात मराठी शिक्षण मिळायचे ते गावातल्या शाळेत, तेही खंडित स्वरूपात. प्रकृती अशक्त, शाळा तुटक, आणि थोडे वय होताच गळ्यात पडलेला बागायतीचा व्यवहार, अशी त्यांच्या बालपणाची रूपरेषा आहे. १८९१ मध्ये, पंधरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. माडांची राखण, पाडप, गडीमाणसांचे हिशेब, यात दिवस जात होते. त्या पिढीतल्या शेकडो गोवेकरांचे आयुष्य असेच गेले आणि त्यात काही वाईट नव्हते. पण या तरुणाचे मन त्यात रमेना. मिळेल ते मराठी पुस्तक तो वाचत होता. तुकारामांच्या गाथेने त्याला आधार दिला होता. वाचन जसे वाढले तशी उदासीनताही वाढली. घर सोडून शिकायला जावे असे वाटे. एकदोनदा निघणे झाले, परतणेही झाले.

या परतण्यांची नोंद धर्मानंदांनी आपल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात झाकून ठेवलेली नाही. मराठीतील फार थोड्या आत्मचरित्रांत लेखक आपल्या भित्रेपणाबद्दल इतक्या सरळपणे लिहितो. साधारणपणे चरित्रनायक घर सोडतो तो एकदाच आणि ठामपणे. येथे तो निघतो, घाबरतो, परत येतो, स्वतःवर चिडतो आणि पुन्हा नारळ मोजू लागतो. अनोळखी जगाचे भय आणि आहे तेथेच संपून जाण्याचे भय, या दोहोंच्या कात्रीत त्यांची ऐन तारुण्यातील काही वर्षे गेली.

१८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धाचे संक्षिप्त चरित्र वाचले. लहान मुलांसाठी निघणाऱ्या मासिकातील तो लेख. त्याने एका प्रापंचिक तरुणाचे आयुष्य फिरवले. बुद्धाचा उपदेश मुळातून जाणून घ्यायचा, आणि त्यासाठी प्रथम संस्कृत शिकायचे, एवढी एकच इच्छा मनात उरली. महत्त्वाकांक्षा हा शब्द आपण हल्ली पद, पैसा, प्रसिद्धी यांच्याशी जोडतो. धर्मानंदांची आकांक्षा त्या अर्थाने महत्त्वाची नव्हतीच. पण तिचा जोर कोणत्याही सत्ताकांक्षेहून कमी नव्हता. वडील वारले. १८९९ मध्ये पहिली मुलगी माणिक जन्मली. त्यानंतर थोड्याच काळात, त्या वर्षाच्या अखेरीस, धर्मानंदांनी घर सोडले. वय तेवीस.

पुढची सात वर्षे म्हणजे एका अखंड पायपिटीची कहाणी आहे. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पुण्याहून ग्वाल्हेरमार्गे काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि पाठशाळेत व्याकरण घोकायचे. शहरात प्लेगची धास्ती, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, घरून पैसा येण्याची सोय नाही. तशात १९०२ मध्ये ते नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्मभूमीकडच्या देशात बुद्धाचा धर्म जिवंत असेल ही त्यांची समजूत होती. काठमांडूत जे दिसले त्याने ती पार मोडली. तेथून बुद्धगया, तेथून कलकत्ता आणि अखेर सिलोन. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले, पाली शिकू लागले. ज्या भाषेसाठी सांकवाळ सोडले होते ती भाषा आता जिभेवर आली. मात्र तेथील अन्न मानवेना. प्रकृतीने ठाव सोडला आणि परतावे लागले. मग मद्रास, ब्रह्मदेश, पुन्हा भारत, भिक्षेवर राहून, पुष्कळदा पायी, बुद्धाच्या आयुष्याशी निगडित स्थळांची यात्रा, पुन्हा ब्रह्मदेश. ज्याला घराबाहेर पडायचे भय वाटत होते तो माणूस आता हिमालयाच्या पायथ्यापासून सिंहलद्वीपापर्यंत कोठेही, कोणत्याही पंगतीत, कोणत्याही भाषेत राहू शकत होता. हे धैर्य त्यांच्यात आधीपासून दडलेले होते असे म्हणण्यापेक्षा ते वाटेवर, थोडेथोडे करून, जमा झाले असे म्हणणे अधिक खरे.

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले. वंगभंगाच्या चळवळीने शहर पेटलेले होते. राष्ट्रीय शिक्षणासाठी निघालेल्या नॅशनल कॉलेजात पाली शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. या कॉलेजाचे पहिले प्राचार्य होते अरविंद घोष, बडोद्याची नोकरी सोडून तुटपुंज्या वेतनावर तेथे आलेले. अरविंदांचे थोरले बंधू, कवी आणि प्राध्यापक मनमोहन घोष यांचेही साहाय्य धर्मानंदांना झाले. चीवर उतरवून त्यांनी गृहस्थाचा वेष पुन्हा स्वीकारला. त्याच वर्षी ते गोव्याला घरी आले. सात वर्षांत पत्नीने त्यांना पाहिले नव्हते; मुलीला तर वडील आठवण्याचे कारणच नव्हते. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा झाला. आजोबांचे नाव त्याला ठेवले: दामोदर.

कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुखर्जी कुलगुरू होते. विद्वान हेरण्याची दृष्टी असलेल्या या माणसाने धर्मानंदांना विद्यापीठात पालीचे काम दिले. हाती एकही पदवी नसलेल्या, इंग्रजी जेमतेम शिकलेल्या गोवेकराला देशातील अग्रगण्य विद्यापीठात जागा मिळाली होती. कुटुंबाला स्थैर्य आले असते. आणि नेमक्या याच वेळी बडोद्याच्या महाराजांकडून प्रस्ताव आला. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात राहावे, बडोदे सरकारसाठी वर्षाला एक ग्रंथ लिहावा. संस्थान तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये देईल. कलकत्त्याचे वेतन याहून बरेच अधिक होते आणि वाढतही जाणार होते. धर्मानंदांनी पन्नास रुपये पत्करले.

या निवडीत त्यागाचा अभिनिवेश नव्हता, तर्क होता. बंगालमध्ये पालीचा अभ्यास सुरू झालेला होता. तेथे आणखी एक शिक्षक असला काय नि नसला काय, फार फरक पडणार नव्हता. महाराष्ट्रात, गोव्यात, मराठी बोलणाऱ्यांच्या साऱ्या मुलखात मात्र बुद्धाविषयी जे काही ठाऊक होते ते पुराणांतून किंवा इंग्रजी पुस्तकांतून आलेले होते. मुळातून पाली वाचून मराठीत सांगणारा माणूस नव्हता. आपण जे शिकलो ते कोणाच्या कामी येईल, हा प्रश्न धर्मानंदांनी स्वतःला विचारला आणि पगाराचा प्रश्न त्यानंतर. नोकरी बदलताना हे दोन प्रश्न याच क्रमाने विचारणारी माणसे तेव्हाही दुर्मिळ होती. सयाजीरावांचे मोठेपण असे की, माणूस बडोद्यातच बसला पाहिजे, दरबारात दिसला पाहिजे, अशी अट त्यांनी घातली नाही. आश्रयदाता पैसा देतो तेव्हा सहसा थोडेसे स्वातंत्र्य मागून घेतो. येथे उलट स्वातंत्र्यासाठीच पैसा दिला गेला.

बडोद्यात धर्मानंदांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० मध्ये पुस्तकरूपाने आली. पुस्तक लहान आहे. भाषा इतकी साधी की तिच्यामागे सिलोन-ब्रह्मदेशातील उपासमार आणि काशीतील घोकंपट्टी आहे याचा पत्ताही लागू नये. हा साधेपणा पुढच्या ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्धसंघाचा परिचय’ या सर्व ग्रंथांत टिकला. भांडारकरांच्या प्रयत्नांना जोड मिळून मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत असे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. मराठी मुलखातील पाली अध्ययनाची वंशावळ लिहायला घेतली तर तिच्या मुळाशी सांकवाळ येते आणि दुसऱ्या ओळीत बडोदे.

फर्ग्युसनच्या आधी अमेरिकेची एक फेरी होऊन गेली होती. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले असता धर्मानंदांची विद्वत्ता त्यांच्या ध्यानी आली. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या प्रचंड पाली ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते, पण ते अपुरे ठेवून तो वारला होता. ते पुरे करण्यासाठी १९१० मध्ये धर्मानंद बोस्टनला गेले. काम जवळजवळ होत आले असता प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्याशी श्रेयावरून मतभेद झाले. ज्याने काम केले त्याचे नाव मुखपृष्ठावर कोणत्या शब्दांत यावे, एवढाच प्रश्न होता. धर्मानंद १९१२ मध्ये परत आले.

नावासाठी न हपापणाऱ्या माणसाने नावाच्या प्रश्नावर काम सोडावे, हे प्रथम विसंगत वाटते. पण कीर्तीची हाव नसणे आणि आपल्या श्रमाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर मुकाट्याने जमा होऊ देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वैराग्यातून येते, दुसरी पुष्कळदा भीतीतून. धर्मानंदांच्या ठायी वैराग्य होते, लाचारी नव्हती. शिवाय राग त्यांनी धरून ठेवला नाही. बोलावणे आले तेव्हा १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले; त्यानंतर १९२६ मध्ये आणि १९३१ मध्येही गेले. चार वेळा समुद्र ओलांडून त्यांनी तेच काम पुढे नेले. १९१८ च्या प्रवासात माणिक आणि दामोदर ही मुले बरोबर होती. मुलीने तेथे पदवी घेतली. मुलाच्या गणिताचा पाया तेथेच रचला गेला. अमेरिकेतच धर्मानंदांना समाजवादी साहित्याची गोडी लागली. १९२९ मध्ये लेनिनग्राडला जाऊन त्यांनी सोव्हिएत रशियातील प्रयोगही जवळून पाहिला. ज्या दुःखाचे मूळ तृष्णेत आहे असे बुद्धाने सांगितले, त्या तृष्णेचे सामाजिक रूप म्हणजे खासगी संपत्तीचा लोभ, अशी त्यांची धारणा होत गेली.

धर्मानंदांच्या संशोधनातील एक लहानसा भाग येथे सविस्तर सांगण्यासारखा आहे. राजस्थानात बैराटजवळ सापडलेल्या अशोकाच्या एका शिलालेखात सम्राटाने भिक्षूंना आणि उपासकांना सात धर्मग्रंथ वारंवार ऐकण्याची शिफारस केली आहे. ही सात नावे म्हणजे पाली वाङ्मयातील नेमके कोणते भाग, हा विद्वानांपुढचा प्रश्न होता. धर्मानंदांनी १९१२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त या विषयावर लेख लिहून त्यांतील काही भागांची ओळख पटवली. या सातांत एक नाव आहे ‘अनागतभयानि’, म्हणजे पुढे येणारी भये. अंगुत्तरनिकायातील हा उपदेश मोठा व्यवहारी आहे. अरण्यात एकटा राहणारा भिक्षू विचार करतो: येथे मला साप चावेल, विंचू डसेल, पाय घसरून पडेन, खाल्लेले अन्न बाधेल आणि काम अपुरे असतानाच मरण येईल. आज मी तरुण आहे, पण म्हातारपण येणार. आज निरोगी आहे, पण आजार येणार. आज सुकाळ आहे, पण दुष्काळ पडणार. आज माणसे गुण्यागोविंदाने राहत आहेत, पण दंगाधोपा होणार. या विचाराने तो खचत नाही. जे साधायचे ते आजच साधायला घेतो. भय नाहीसे करण्याची युक्ती येथे नाही. भयाला कामाला लावण्याची आहे. सिलोनात ज्याला खरोखरच अन्न बाधले होते आणि काशीत ज्याने प्लेग पाहिला होता, त्याला या ओळी वाचताना काय वाटले असेल याचा अंदाज करणे अवघड नाही.

भयाचा हाच धागा त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या १९४०-४१ मधील प्रमुख ग्रंथात अधिक ठळक झाला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ रात्री निजलेल्या पत्नीला सोडून निघाला, ही कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. धर्मानंदांनी जुनी सुत्ते तपासून दाखवले की ही कथा मागाहून रचलेली आहे. त्यांच्या मते शाक्य आणि कोलिय यांच्यातील पाण्यावरून होणारी भांडणे, माणसांनी एकमेकांवर उगारलेली शस्त्रे आणि त्यातून उपजलेले भय हे गृहत्यागाचे कारण होते. शिवाय सिद्धार्थ चोरून निघाला नाही. आईबाप रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत निघाला, असे प्राचीन सुत्त सांगते. पुढे डॉ. आंबेडकरांनी आपल्या बुद्धचरित्रात चार दृश्यांची कथा बाजूला ठेवली आणि पाण्याच्या वादाला मध्यवर्ती स्थान दिले, हे जाणकार वाचकांना ठाऊक आहे.

हे प्रकरण वाचताना सांकवाळच्या घराची आठवण आल्यावाचून राहत नाही. १८९९ मध्ये तान्ह्या मुलीला आणि तरुण पत्नीला मागे ठेवून गेलेला माणूस चाळीस वर्षांनी लिहितो की बुद्ध पत्नीला फसवून गेला नाही. संशोधन निर्दोष आहे, पुरावे पालीतले आहेत. तरी या विषयात त्यांना एवढे खोल का शिरावेसे वाटले, याचे उत्तर केवळ पालीत नसावे. बाळाबाईंनी ही वर्षे कशी काढली याचे त्यांच्या स्वतःच्या शब्दांतील आत्मचरित्र आपल्याकडे नाही. त्या काळच्या गोव्यात नवरा परागंदा झालेल्या बाईला काय ऐकून घ्यावे लागत असेल, ते कोणाही गोमंतकीय वाचकाला सांगावे लागू नये. नंतरच्या काळातही पतीच्या अमेरिका, अहमदाबाद, काशी अशा फेऱ्या थांबल्या नाहीत. धर्मानंदांच्या आयुष्याचे वर्णन करताना त्यांच्या निर्भयतेचे कौतुक करावेच. पण त्या निर्भयतेचा निम्मा भार दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर होता, हे वगळून केलेले कौतुक अपुरे आहे. त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी आजोबांचे लेखन इंग्रजीत आणले तेव्हा कुटुंबाची ही बाजू झाकली नाही, हे त्यांच्या अभ्यासूपणाला साजेसेच झाले.

ज्याला आनंद म्हणतात तो या आयुष्यात कोठे होता, असा प्रश्न पडू शकतो. बौद्ध साधनेत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना सांगितल्या आहेत. ‘समाधिमार्ग’ लिहिणाऱ्या धर्मानंदांनी त्या केवळ समजावून दिल्या नाहीत, त्यांचा अभ्यासही केला. यांतली मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणे. चारांत करुणेचा बोलबाला अधिक, पण खरे पाहता मुदिता अधिक कठीण. दुसऱ्याच्या दुःखाने हळहळणे आपल्याला जमते, त्याच्या उत्कर्षाने मनापासून हर्ष होणे फार थोड्यांना जमते. विशेषतः तो आपल्याच क्षेत्रातला असेल तर. धर्मानंदांनी शिष्य घडवले, ते प्राध्यापक झाले, ग्रंथकार झाले, आणि गुरू मात्र एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत हलके सामान घेऊन फिरत राहिला. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात, काशीत, मुंबईत परळच्या बहुजन विहारात, सारनाथला. बहुजन विहार हा श्रमिक आणि अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील लोकांसाठी उभारलेला होता. जेथे मतभेद झाले तेथून ते निघाले. जागेचा मोह नव्हता म्हणून निघणे सोपे होते. मुक्कामाची शाश्वती नसलेल्या या माणसाच्या लेखनात कडवटपणा जवळजवळ नाही.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले तेव्हा वय चौपन्नाच्या घरात होते. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या शिरोड्याच्या मिठागरांवरील सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला आणि पुढे तुरुंगवासही भोगला. पोर्तुगीजांची प्रजा म्हणून जन्मलेला, हार्वर्डमध्ये काम केलेला हा पंडित तेरेखोलच्या पलीकडे इंग्रजांचे मीठ उचलायला उभा राहिला, हे चित्र गोव्याच्या शाळांतील पाठ्यपुस्तकांत असायला हरकत नव्हती.

दुसरा सत्याग्रह कागदावरचा होता. प्राचीन काळी बौद्ध आणि जैन श्रमण भिक्षेत आलेले मांस स्वीकारीत, असे मत त्यांनी पुराव्यांनिशी मांडले. जैन समाजातून त्यावर तीव्र विरोध झाला. पुरावा चुकीचा ठरला तर मत बदलू, दडपणाखाली बदलणार नाही, अशी त्यांची भूमिका राहिली. ज्या गुजरातेत त्यांनी जैन पंडितांसमवेत स्नेहाने काम केले होते तेथूनच हा विरोध झाला. स्नेही दुरावण्याचे भय हे शत्रूच्या भयाहून चिवट असते. त्यांनी ते भय पत्करले, मत सोडले नाही आणि स्नेहही शक्य तितका सोडला नाही.

म्हणूनच त्यांचा शेवट विलक्षण वाटतो. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर त्यांनी अखेरच्या वर्षांत ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांत त्यांना मानवजातीच्या भवितव्याची वाट दिसत होती. प्रकृती पार ढासळली होती, अन्न पचत नव्हते. शरीर आता कोणाच्या कामाचे उरले नाही, उलट इतरांवर भार झाले आहे, असे ठरवून त्यांनी त्याच श्रमण परंपरेतील प्रायोपवेशनाचा मार्ग निवडला. प्रथम संयुक्त प्रांतात असताना त्यांनी उपवास आरंभला. गांधीजींच्या आग्रहावरून तो सोडला. नंतर सेवाग्रामला आले. प्रकृती सुधारण्याची आशा राहिली नाही तेव्हा पुन्हा अन्न सोडले.

या निर्णयाशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. आजचा वैद्य किंवा कायदेपंडित त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहील, आणि आजाराने गांजलेल्या कोणा माणसाने त्यापासून धडा घ्यावा असे तर मुळीच नाही. त्या वयाचा, त्या साधनेचा तो एका व्यक्तीचा निर्णय होता. नोंदवण्याजोगे आहे ते त्या दिवसांतील त्यांचे वागणे. सुमारे महिनाभर चाललेल्या त्या उपवासात आश्रमातील मंडळी त्यांची सेवा करीत होती. देशात फाळणीच्या वाटाघाटी चालू होत्या, गांधीजी सेवाग्रामबाहेर होते, वर्तमानपत्रांना एका वृद्ध पाली पंडिताकडे पाहायला सवड नव्हती. धर्मानंदांनीही कोणाचे लक्ष वेधून घेतले नाही. पाली शिकण्यासाठी विद्यार्थी सिलोनला पाठवले जावेत, ही त्यांची उरलेली इच्छा होती. सांकवाळचा मुलगा १९०२ मध्ये ज्या वाटेने एकटा, पैशावाचून गेला होता, त्या वाटेवर पुढच्यांना थोडी सोय व्हावी.

जून १९४७ च्या आरंभी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे स्मरण केले आणि स्वतःचा डांगोरा न पिटणाऱ्या माणसांकडे समाजाचे लक्ष जात नाही याची खंत व्यक्त केली. बडोद्याचे सयाजीराव त्याआधीच, १९३९ मध्ये गेले होते.

‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती धर्मानंदांच्या हयातीत, १९४० मध्ये, मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली होती. हार्वर्डची रोमन आवृत्ती मात्र रेंगाळत राहिली. ज्या कामासाठी १९१० मध्ये ते बोस्टनला गेले होते ते ‘हार्वर्ड ओरिएंटल सिरीज’चा एक्केचाळिसावा खंड म्हणून १९५० मध्ये छापून आले. मुखपृष्ठावर वॉरन यांच्या नावाखाली धर्मानंद कोसंबी हे नाव आहे.